पक्षाघातानंतरची सोबत : एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या रुग्णांच्या पती-पत्नींना पडणारे प्रश्न

दवाखान्यातून सुटी होते त्या दिवशी हातात फाइल, गोळ्यांची पिशवी आणि पुढच्या तपासणीची तारीख मिळते. प्रश्न मात्र घरी आल्यावर सुरू होतात आणि त्यांतले बरेचसे रात्री पडतात. माझ्या यजमानांना पक्षाघात झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात मला पडलेले, आणि नागपुरात फिजिओथेरपीच्या खोलीबाहेरच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या पती-पत्नींनी विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. त्यामुळे औषधाचे नाव आणि मात्रा यांबाबत तुमच्या रुग्णाच्या फाइलीत जे लिहिले आहे तेच प्रमाण मानावे.

झटका मेंदूला आला, मग हृदयरोगतज्ज्ञांकडे का पाठवले?

कारण गुठळी हृदयात तयार झाली होती. हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदे, नियमित आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरत राहतात, त्या अवस्थेला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. डाव्या अलिंदाला लागून कानाच्या पाळीसारखी एक लहान पिशवी असते. थरथरीमुळे त्या पिशवीतले रक्त पुरेसे हलत नाही, साचून राहते आणि त्याची गुठळी होते. ती गुठळी सुटून रक्ताबरोबर वर गेली की मेंदूची एखादी रक्तवाहिनी अडते, आणि त्या वाहिनीवर अवलंबून असलेला मेंदूचा भाग काही मिनिटांतच मरू लागतो. एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या माणसाला पक्षाघात होण्याचा धोका सर्वसाधारणपणे पाच पटींनी वाढतो, आणि अशा गुठळ्या आकाराने मोठ्या असल्यामुळे हा पक्षाघात अनेकदा जबर असतो.

ही गोष्ट घरातल्या सर्वांना समजावून सांगणे आवश्यक आहे, असे मला वाटते. लुळा हात सगळ्यांना दिसतो, त्यामुळे त्याची काळजी सगळे घेतात. हृदयाचा चुकलेला ताल कोणालाच दिसत नाही. म्हणून हातात थोडी शक्ती आली की घर सुटकेचा श्वास टाकते आणि ज्या कारणाने झटका आला ते कारण मात्र जागच्या जागी असते.

यांचा ईसीजी तर आधी नॉर्मल होता. मग हा आजार अचानक कुठून आला?

अनेकांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन येऊन-जाऊन असते. ईसीजी काही सेकंदांचाच असतो. त्या वेळी ताल नीट असेल तर कागदावर काहीच सापडत नाही. म्हणून पक्षाघातानंतर २४ तासांचे किंवा त्याहून अधिक काळाचे होल्टर, म्हणजे हृदयाचा ताल सतत टिपणारे लहान यंत्र, लावतात. काहींना छातीत धडधड जाणवते, परंतु कित्येकांना काहीच जाणवत नाही आणि पक्षाघात हेच पहिले लक्षण ठरते. येऊन-जाऊन असलेला प्रकारही गुठळी करू शकतो, त्यामुळे ‘आता ईसीजी चांगला आला, गोळी थांबवू या’ हा विचार चुकीचा आहे.

उच्च रक्तदाब, वाढते वय, मधुमेह, लठ्ठपणा, झोपेत श्वास अडकणे, थायरॉईडचे जास्त स्रवणे आणि मद्यपान ही याची नेहमीची कारणे आहेत. लहानपणी संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झालेली असणे हे आपल्याकडे आजही आढळणारे कारण आहे. म्हणून इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, तपासणी आणि थायरॉईडची रक्ततपासणी झाली आहे का, हे फाइलीत पाहून घ्यावे.

रक्त पातळ करणारी गोळी किती दिवस घ्यावी लागेल?

बहुतेकांना आयुष्यभर. पक्षाघाताचा धोका मोजण्यासाठी डॉक्टर वय, रक्तदाब, मधुमेह इत्यादींना गुण देतात. त्यात आधी पक्षाघात होऊन गेला असेल तर एकट्या त्या गोष्टीचे दोन गुण धरले जातात. म्हणजे एकदा झटका येऊन गेलेला माणूस जास्त धोक्याच्या रांगेत आपोआप उभा राहतो.

‘पातळ करणे’ हा आपला बोलण्यातला शब्द आहे. रक्त पाण्यासारखे होत नाही, तर ते गोठण्याची क्रिया मंदावते. या गोळ्यांचे दोन वर्ग आहेत. वॉरफरिन आणि आपल्याकडे खूप वापरली जाणारी ॲसिनोकुमॅरॉल या जुन्या गोळ्या स्वस्त आहेत, परंतु त्यांच्यासाठी आयएनआर नावाची, रक्त गोठणे किती मंदावले ते सांगणारी रक्ततपासणी वारंवार करावी लागते आणि तो आकडा बहुतेक रुग्णांत २ ते ३ यांच्या दरम्यान ठेवावा लागतो. दोनपेक्षा खाली गेला तर गुठळीची भीती, तीनपेक्षा बराच वर गेला तर रक्तस्रावाची. डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्सॅबान, ॲपिक्सॅबान या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही. मात्र मूत्रपिंडाचे काम ठरावीक काळाने तपासावे लागते. ज्यांना धातूची कृत्रिम झडप बसवली आहे किंवा संधिवाताच्या तापाने डाव्या अलिंदाखालची मायट्रल झडप बरीच अरुंद झाली आहे, त्यांच्यासाठी जुनीच गोळी योग्य ठरते. त्यामुळे शेजाऱ्यांची नवी गोळी पाहून आपली बदलून मागू नये.

आणखी एक गैरसमज फार पसरलेला आहे. ॲस्पिरिन म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी, मग तीच चालू ठेवू, असे अनेक घरांत ठरवले जाते. एट्रियल फिब्रिलेशनमुळे होणाऱ्या गुठळीपासून ॲस्पिरिन पुरेसे संरक्षण देत नाही, रक्तस्रावाचा धोका मात्र वाढवते.

दवाखान्यात ही गोळी लगेच का सुरू केली नाही? काही चूक झाली का?

बहुधा नाही. पक्षाघाताने मेंदूचा मोठा भाग बाधित झाला असेल तर त्या नाजूक जागी रक्त झिरपण्याची भीती असते, म्हणून डॉक्टर सीटी स्कॅन पाहून सुरुवातीचा दिवस ठरवतात. लहान पक्षाघातात गोळी लवकर, तर मोठ्या पक्षाघातात काही दिवसांनी सुरू होते. तुमचे काम एवढेच, की सुटीच्या कागदावर ती कोणत्या तारखेपासून सुरू करायची हे स्पष्ट लिहून घ्यावे. ‘पुढच्या तपासणीला पाहू’ असे म्हटले गेले आणि ती तपासणी पुढे ढकलली गेली, तर रुग्ण संरक्षणाविना राहतो. आमच्या बाबतीत सुटीच्या कागदावर ती ओळच राहून गेली होती, आणि मी विचारायला परत गेले नसते तर ती कोणाच्या लक्षात आली असती की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

एखादी गोळी राहिली तर काय करावे?

नव्या गोळ्यांचा परिणाम एका दिवसाच्या आत ओसरतो, त्यामुळे त्या वेळेवर घेणे जुन्या गोळीपेक्षाही महत्त्वाचे आहे. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी राहिली आणि ठरलेल्या वेळेपासून सहा तासांच्या आत आठवली, तर घ्यावी. दिवसातून एकदाची असेल तर बारा तासांच्या आत आठवल्यास घ्यावी. त्यानंतर आठवल्यास ती सोडून पुढची वेळेवर घ्यावी. राहिलेली भरून काढण्यासाठी दोन गोळ्या एकदम कधीही देऊ नयेत. वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल त्याच दिवशी आठवली तर द्यावी, दुसऱ्या दिवशी आठवली तर फक्त वहीत नोंद करून डॉक्टरांना सांगावे.

रिव्हारॉक्सॅबानची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी भरल्या पोटी घ्यायची असते, कारण जेवणाबरोबरच ती शरीरात पुरेशी शोषली जाते. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडून भुकटी देऊ नये आणि ती मूळ पाकिटातून काढून डबीत साठवूही नये. गोळ्यांच्या साप्ताहिक डबीत आपण सगळ्या गोळ्या कौतुकाने भरून ठेवतो, तेव्हा ही एक बाजूला राहू द्यावी.

दिवाळीत, लग्नसराईत किंवा गावी गेल्यावर गोळ्या संपण्याचा प्रसंग सर्वाधिक येतो. चंद्रपूर, गडचिरोली किंवा पलीकडे बालाघाट, छिंदवाड्याहून उपचारांसाठी नागपूरला येणाऱ्यांनी किमान पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या घरात ठेवाव्यात. तालुक्याच्या दुकानात प्रत्येक गोळी मिळेलच असे नाही.

पालेभाज्या बंद कराव्या लागतात का? आणि संत्री?

नव्या गोळ्या चालू असतील तर पालेभाज्यांवर बंधन नाही. वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल चालू असेल तर पालक, मेथी, चवळीचा पाला, कोथिंबीर यांतील जीवनसत्त्व ‘के’ गोळीचा परिणाम कमी करते. तरीही त्या बंद करायच्या नसतात. आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात त्या खाल्ल्या की डॉक्टर त्यानुसार मात्रा बसवतात. एका आठवड्यात रोज पातळभाजी आणि पुढच्या आठवड्यात पालाच नाही, असे झाले की आयएनआर हेलकावे खातो. नागपुरी संत्री खुशाल खावीत. पपनसाच्या जातीतले ग्रेपफ्रूट मात्र अनेक औषधांमध्ये लुडबुड करते, ते टाळावे.

खरा प्रश्न मिठाचा असतो. रक्तदाब हा पक्षाघाताचा आणि एट्रियल फिब्रिलेशनचाही सोबती आहे. त्यामुळे लोणचे, पापड, कुरड्या, चिवडा आणि रविवारची सावजी थाळी यांचा हिशेब ठेवावा लागतो. तर्री पोहे महिन्यातून एकदा खाल्ले तर काही बिघडत नाही, फक्त तर्री वाटीभर असू नये.

उपवास करू द्यावा का?

एकादशी, चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी किंवा भगर खाऊन उपवास होत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर चालेल. भरल्या पोटी घ्यायची गोळी त्या फराळाबरोबर द्यावी. निर्जळी उपवास नको.

रक्तस्रावाची भीती वाटते. कोणत्या गोष्टी सांभाळाव्यात?

मऊ दातघाशी, दाढीसाठी विजेवरचे यंत्र आणि भाजी चिरताना सावधपणा एवढ्याने रोजचे भागते. हिरड्यांतून क्वचित रक्त दिसणे किंवा हातावर निळसर डाग पडणे ही धावपळ करण्याची बाब नाही, पण पुढच्या तपासणीत सांगावी. काळी, डांबरासारखी शौच, लघवीतून रक्त, दाबून धरूनही दहा मिनिटांनंतर न थांबणारा घोळणा, अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही झाले तर थेट रुग्णालय गाठावे. डोके आपटले तर वरून जखम दिसत नसली, बोलणे-चालणे ठीक असले, तरी दाखवूनच घ्यावे. आतला रक्तस्राव काही तासांनी त्रास देऊ लागतो.

आपल्याकडच्या दोन सवयी विशेष धोक्याच्या आहेत. पहिली म्हणजे अंग दुखले की दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणणे. त्याऐवजी पॅरासिटामॉल योग्य, तीही डॉक्टरांना विचारून. दुसरी म्हणजे ताप आला की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कमरेत इंजेक्शन घेणे. रक्त गोठणे मंदावलेले असताना स्नायूत सुई दिली की तेथे मोठी गाठ होऊ शकते. प्रत्येक डॉक्टरांना, दंतवैद्यांनासुद्धा, खुर्चीत बसण्यापूर्वीच गोळीचे नाव सांगावे. दात काढण्यासाठी आपल्या मनाने गोळी थांबवू नये. थांबवायची की नाही आणि किती वेळ, हे ज्यांनी ती सुरू केली त्यांना विचारून ठरवावे.

हात-पाय पुन्हा किती चालतील?

बहुतांश सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते. त्यानंतर वेग मंदावतो, पण सुधारणा थांबत नाही. व्यायामाची गुणवत्ता आणि संख्या दोन्ही महत्त्वाची आहेत, आणि आठवड्यातून तीन वेळा येणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या तासाभराने ती संख्या भरत नाही. म्हणून घरातले प्रत्येक काम व्यायाम मानावे : वाटाणे सोलणे, रुमालाची घडी घालणे, दुर्बळ हाताने टेबल पुसणे. तुम्ही दोन मिनिटांत शर्टाची बटणे लावून देऊ शकता हे खरे, परंतु त्यांना वीस मिनिटे लागत असतील तर वीस मिनिटे थांबावे. मला हे जमायला कितीतरी महिने लागले, कारण मदत करणे हेच प्रेम असे आपल्याला शिकवलेले असते.

दुर्बळ हात ओढून कधीही उठवू नये. सैल पडलेला खांदा निखळतो आणि मग ते दुखणे हाताच्या दुर्बळतेपेक्षा जास्त छळते. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘चला, उठा’ म्हणत नेमका तोच हात धरतो, त्यामुळे त्यांना दारातच सांगावे. उठवताना कमरेला पट्टा बांधून किंवा पाठीमागून आधार द्यावा, आणि बसल्यावर तो हात उशीवर ठेवावा. पूर्ण अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी.

नागपूरच्या घरात उन्हाळ्यातला सर्वांत मोठा शत्रू म्हणजे कूलर. त्यातून गळणारे पाणी फरशीवर पसरते, आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणारा, एक पाय ओढत चालणारा माणूस त्यावरून घसरला तर काय होईल हे सांगायला नको. कूलर चालण्याच्या वाटेपासून दूर ठेवावा, त्याची वायर वाटेत येऊ देऊ नये, आणि न्हाणीघरात पकडायला दांडी व खाली न घसरणारी चटई असावी.

यांना सगळे समजते, पण बोलता येत नाही. असे कसे?

याला वाचाघात म्हणतात. उजव्या हाताने काम करणाऱ्या जवळजवळ सर्व माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात असते. म्हणून उजवी बाजू लुळी पडते तेव्हा बोलणेही अनेकदा जाते. बुद्धी गेलेली नसते. काहींना समजते पण शब्द सापडत नाही, काही भराभर बोलतात पण त्याचा अर्थ लागत नाही, काहींना दोन्ही कठीण जाते. कोणता प्रकार आहे हे वाचा उपचारतज्ज्ञ ठरवतात आणि जितक्या लवकर त्यांच्याकडे जाल तितके चांगले.

घरी काय करता येते? एका वेळी एकच प्रश्न विचारावा, आणि तो ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असा असावा. ‘चहा घ्याल की कॉफी, की नंतर नाश्त्याबरोबर?’ असे विचारण्याऐवजी चहाचा कप दाखवून ‘चहा?’ एवढेच विचारावे. उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजत थांबावे. वाक्य त्यांच्या तोंडातून काढून घेऊन स्वतः पूर्ण करू नये. टीव्ही बंद करावा. घरातल्या माणसांचे, रोजच्या वस्तूंचे फोटो चिकटवलेली वही फार उपयोगी पडते.

एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट अनेक घरांत दिसते. स्वतःचे नाव सांगता न येणारा माणूस आरतीच्या वेळी पूर्ण ओळी म्हणू लागतो, किंवा शेगावच्या भक्तांच्या तोंडचा ‘गण गण गणात बोते’ हा जप स्पष्ट उच्चारतो. पाठ झालेले बोल, आकडे आणि गाणे मेंदूच्या वेगळ्या वाटांनी येतात, म्हणून ते शाबूत राहतात. यावरून बोलणे परत आले असे समजू नये, पण उपचारतज्ज्ञांना ते अवश्य सांगावे. काही उपचारपद्धती याच वाटेने शब्दांकडे जातात.

आणि एक विनंती. पाहायला येणारे लोक रुग्णासमोरच ‘आता काही समजत नाही ना यांना?’ असे विचारतात. त्यांना समजते. अशा वेळी मी यजमानांकडे वळून ‘यांना सांगू का आपण?’ असे विचारत असे, आणि पाहुण्यांना आपोआप उत्तर मिळत असे.

पाणी पिताना ठसका लागतो. काय करावे?

पाणी देणे थांबवून डॉक्टरांना किंवा वाचा उपचारतज्ज्ञांना गिळण्याची तपासणी करायला सांगावे. पक्षाघातानंतर पातळ पाणीच गिळायला सर्वांत अवघड जाते आणि ते श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. काही रुग्णांना ठसकासुद्धा लागत नाही; जेवणानंतर आवाज ओलसर, घरघरता येणे एवढीच खूण असते. जेवताना पाठ ताठ ठेवून बसवावे, घास लहान द्यावा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. चिवडा, कोरडी भाकर असे कोरडे पदार्थ आणि पातळ रश्शात बुडणारे तुकडे असे दोन पोत एकत्र येणारे पदार्थ सुरुवातीला टाळावेत. घट्ट वरण-मऊ भात सोपा. नळीतून आहार चालू असेल तर गोळी कुटून देता येते का हे औषधानुसार विचारावे.

माझी पत्नी ताटातली डाव्या बाजूची भाजी खातच नाही. हट्ट आहे का?

नाही. मेंदूचा उजवा भाग बाधित झाला की डावी बाजू लक्षातून पुसली जाते. डोळे शाबूत असूनही तिकडचा माणूस, भिंत, स्वतःचा हात ‘दिसत’ नाही. ताट फिरवून द्यावे, डावीकडून बोलावून मान वळवायला लावावी, आणि डाव्या कडेला लाल रंगाची पट्टी लावून तेथपर्यंत नजर नेण्याचा सराव करवून घ्यावा. अशा रुग्णाला गॅसजवळ किंवा रस्त्यावर एकटे सोडू नये.

क्षुल्लक गोष्टीवर रडतात, चिडतात. हा स्वभाव बदलला का?

यात दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. कारण नसताना अचानक रडू किंवा हसू फुटणे आणि काही क्षणांत थांबणे हा मेंदूच्या इजेचा थेट परिणाम असतो. तेव्हा समजूत घालत न बसता विषय बदलावा. सतत उदास राहणे, व्यायाम टाळणे, झोप आणि भूक जाणे हे नैराश्य आहे. ते पक्षाघात झालेल्या सुमारे तीनपैकी एका रुग्णाला गाठते आणि त्यावर औषध आहे. ‘मन घट्ट करा’ असे म्हणून ते जात नाही. नैराश्याचे काही औषध रक्तस्रावाचा धोका किंचित वाढवते, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांनाही गोळ्यांची यादी दाखवावी.

लकव्यावर झाडपाल्याचे औषध देणाऱ्यांकडे न्यावे असे सासरचे म्हणतात.

विदर्भात हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि त्यावरून भांडणेही होतात. हलक्या हाताने तेल लावण्याला हरकत नाही. जोराने रगडणे, हात-पाय ओढणे, तापवलेल्या विटेने शेकणे नको, कारण संवेदना गेलेल्या त्वचेला भाजल्याचे कळत नाही. पोटात घ्यायच्या अनोळखी काढ्यात किंवा पुडीत काय आहे हे ठाऊक नसते आणि काही वनस्पती गोळीचा परिणाम वाढवतात किंवा घटवतात. मी घरच्यांशी अशी तडजोड केली होती : तेल चालेल, पुडी नाही, आणि गोळी कोणाच्याही सांगण्यावरून थांबणार नाही.

नवतपात विशेष काळजी घ्यावी का?

घ्यावी. मे महिन्यात नागपूरचे तापमान ४५ अंशांपलीकडे जाते. घामावाटे पाणी गेले की रक्तदाब घसरतो, क्षारांचे संतुलन बिघडून हृदयाचा ताल चुकू शकतो, आणि मूत्रपिंडावर ताण आला की काही गोळ्या शरीरात साचतात. डॅबिगॅट्रानचा सुमारे ८० टक्के भाग मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतो. वाचाघात असलेला माणूस तहान लागल्याचे सांगू शकत नाही, म्हणून ठरावीक वेळी पाणी द्यावे. हृदय कमजोर असल्यामुळे पाणी मोजून द्यायला सांगितले असेल तर उन्हाळ्यासाठी वेगळे प्रमाण विचारून घ्यावे.

खर्रा सुटत नाही.

सोडवावाच लागेल. तंबाखूमुळे रक्तवाहिन्या आणि हृदय दोघांचेही नुकसान होते; एका गालात खर्रा आणि त्याच तोंडाने गुठळीविरोधी गोळी, यात अर्थ नाही. दारूही एट्रियल फिब्रिलेशनला चाळवते.

पती-पत्नींचे संबंध पुन्हा सुरू करता येतात का?

हा प्रश्न बाकावर कोणी विचारत नाही, मनात मात्र सगळ्यांच्या असतो. प्रकृती स्थिर झाल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर बहुतेक जोडप्यांना ते शक्य असते. त्यामुळे पुन्हा झटका येईल ही भीती बहुधा निराधार ठरते. दुर्बळ बाजूला उशीचा आधार, थकवा नसलेली वेळ आणि घाई नसणे एवढे पुरते. इच्छा कमी होण्यामागे रक्तदाबाचे किंवा नैराश्याचे औषधही असू शकते. लैंगिक शक्ती वाढवणाऱ्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत. हृदयासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर त्या जीवघेण्या ठरतात.

घरी नाडी आणि रक्तदाब कसा पाहावा?

नाडी पूर्ण ६० सेकंद मोजावी. ताल अनियमित असताना पंधरा सेकंदांचा चौपट हिशेब फसतो. त्याच कारणाने घरचे यंत्र एकदा जास्त, एकदा कमी दाखवते, म्हणून पाच मिनिटे शांत बसवून सलग तीन वेळा मोजावे आणि सरासरी लिहावी.

पुन्हा झटका आला तर?

तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, अचानक तोल जाणे किंवा दिसेनासे होणे यांपैकी काहीही झाले तर १०८ क्रमांकावर फोन करावा आणि सीटी स्कॅनची रात्रंदिवस सोय असलेल्या रुग्णालयातच जावे. नागपुरातल्या मेडिकल, मेयो, एम्स या सरकारी रुग्णालयांपैकी काय जवळ आहे आणि आपल्या भागातले कोणते खासगी रुग्णालय पक्षाघाताचे रुग्ण घेते, हे आजच ठरवून ठेवावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. निवडक रुग्णांत नळी घालून गुठळी काढण्याची प्रक्रिया २४ तासांपर्यंत शक्य असते. तेथे पोहोचल्यावर पहिली दोन वाक्ये अशी असावीत : शेवटचे ठीक केव्हा पाहिले, आणि रक्त पातळ करणारी गोळी कोणती व शेवटची केव्हा दिली. या उत्तरांवर पुढचा निर्णय अवलंबून असतो. तोंडात पाणी, ॲस्पिरिन, काहीही घालू नये. लक्षणे दहा मिनिटांत गेली तरी जावेच.

खर्चाचे काय?

शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. वय ७० किंवा अधिक असेल तर उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. या योजना मुख्यतः भरती असतानाच्या उपचारांसाठी आहेत. रोजच्या गोळीचा खर्च घरालाच करावा लागतो. तेथे जनऔषधी केंद्र उपयोगी पडते. ब्रँड बदलला तरी औषधाचे नाव आणि मात्रा तीच आहे ना, हे पाकिटावर वाचून घ्यावे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरल्यास २०१६ च्या कायद्यानुसार प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मिळते.

सही करणारा हात गेला असेल तर बँकेत अंगठ्याच्या ठशावर व्यवहार होऊ शकतो. त्यासाठी दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. निवृत्तिवेतनधारकांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो.

मी स्वतः थकले आहे. हे कोणाला सांगावे?

मुलांना, आणि स्पष्ट शब्दांत. ‘सगळे ठीक आहे’ असे पुण्याला किंवा बंगळूरूला फोनवर सांगत राहिले की मुले ठीकच समजतात. त्यांच्याकडून पैशांपेक्षा ठरावीक कामे मागावीत : महिन्याच्या गोळ्या ऑनलाइन मागवणे, तपासण्यांच्या तारखा सांभाळणे, तीन महिन्यांतून आठवडाभर येऊन राहणे. दिवसा चार तासांसाठी बाई किंवा अटेंडंट ठेवता आला तर त्या वेळेत घरातली कामे न करता बाहेर पडावे. मी फुटाळा तलावापर्यंत चालून येत असे. स्वतःचा रक्तदाब शेवटचा केव्हा मोजला हेही आठवून पाहावे.

त्यांना घरी एकटे केव्हापासून सोडता येईल?

पाच गोष्टी एकामागून एक पाहाव्यात. पलंगावरून स्वतः उठून न्हाणीघरात जाऊन येता येते का. ठसका न लागता पाणी पिता येते का. फोनवर एक बटण दाबून तुम्हाला बोलावता येते का. दाराची कडी आतून उघडता येते का. आणि ठरलेल्या वेळी डबीतली योग्य गोळी उचलून घेता येते का. पहिल्या चार जमल्या तर अर्ध्या तासापासून सुरुवात करावी, शेजारी किल्ली ठेवून. पाचवी जमत नसेल तर बाहेर जाण्याची वेळ गोळीच्या वेळेनुसार बसवावी : सकाळची गोळी तुमच्या हाताने द्यावी, आणि संध्याकाळच्या गोळीच्या आधी परत यावे.